गाणं थांबलं की घर ऐकू येतं

आमच्या घरात गाणं रेकॉर्ड करायचं तर आधी फ्रिज बंद करावा लागतो. मग पंखा. मग वहिनीला विचारायचं, कुकर लावायचा राहिलाय का. समोरच्या घरात डायचं काम चालू असेल तर ते थांबेपर्यंत गप्प बसायचं. जाऊन सांगायचं नाही. पालघरच्या किनाऱ्यावरच्या आमच्या चिंचणीत कितीतरी घरांतून सोन्याच्या दागिन्यांचे डाय कोरले जातात. पोलादाच्या ठोकळ्यावर नक्षी उलटी कोरायची, त्यावर पत्रा दाबला की ती सुलटी उठते. हल्ली कॉम्प्युटरवरची मशीनं आली, तरी हातोडीची टकटक अजून पुरती गेलेली नाही. आणि ज्या आवाजावर कुणाचं घर चालतं त्याला आमच्या गाण्यासाठी जरा थांब म्हणणं बरं दिसत नाही.

सगळं जमून आलं की पुतणी आतल्या खोलीचं दार लोटते, खिडकीवर गोधडी टांगते, कपड्यांचं कपाट उघडते, साड्यांच्या घड्यांवर फोन टेकवून ठेवते आणि गिटार मांडीवर घेऊन कपाटासमोर बसते. भिंत आवाज परत फेकते, कापड तो पिऊन टाकतं. कपाटाचा उपयोग एवढाच. गाणी तिची स्वतःची, मराठीत. एक आहे बोईसरला पहाटेच्या शिफ्टची माणसं घेऊन जाणाऱ्या कंपनीच्या बसवर. एक वाणगाव स्टेशनवर, लोकल उशिरा येणार असते तेव्हा बाकावर काय काय चालतं त्यावर. सूर थोडे, ओळी थोड्या, आणि दोन ओळींच्या मध्ये बरीच मोकळी जागा. ती ही गाणी इंटरनेटवर टाकते. ऐकणारे फार नाहीत, आणि त्यातले बरेच नात्यातले.

अशा गाण्यांना आता लो-फाय म्हणतात. स्टुडिओ नाही, साउंड इंजिनिअर नाही, हाताशी असेल त्या यंत्रावर घरातल्या घरात भरलेलं गाणं. त्याची मोहिनी काय, असं विचारलं की बहुतेक जण सांगतात, त्यातले दोष गोड वाटतात. मला हे पटत नाही. दोषच गोड असते तर जत्रेतला फाटका कर्णा सगळ्यात गोड लागला असता. मला वाटतं ती मोहिनी त्या खरखरीच्या एक पायरी आधी असते. पुतणी बहुतेक वेळा रेकॉर्ड करते तेव्हा रात्रीचे अकरा वाजून गेलेले असतात. पलीकडच्या खोलीत दादा झोपलेला असतो, त्याला सकाळची गाडी पकडायची असते. माझी आई ओटीवर पडलेली असते आणि तिची झोप म्हणजे नुसती नावाची. मग ही मुलगी मोठ्यानं कशी गाणार? ती गाते ते शेजारच्या उशीवरच्या माणसाशी बोलावं इतक्या बारीक आवाजात. त्या आवाजाची पातळी घरानं ठरवलेली असते. पुढचं सगळं, ती खरखर, तो पलीकडच्या खोलीतल्या पंख्याचा राहून गेलेला घुमारा, हे त्या बारीक आवाजामागून चालत येतं.

गाणाऱ्यानं किती मोठ्यानं गावं हे यंत्रानं ठरवण्याचा काळही होऊन गेला. ११ नोव्हेंबर १९०२ रोजी कलकत्त्यात ग्रामोफोन कंपनीच्या फ्रेड गायसबर्गनं गौहर जान यांचं गाणं ध्वनिमुद्रित केलं तेव्हा मायक्रोफोन नव्हताच. समोर एक कर्णा, आणि आवाजाच्या नुसत्या जोरावर सुई हलून मेणावर रेघ उमटायची. तिथं कुजबुजून चाललं नसतं. गाणं संपता संपता गौहर जान स्वतःचं नाव मोठ्यानं सांगायच्या, कारण तबकड्या निघायच्या जर्मनीत, हॅनोव्हरला, आणि तिथल्या कामगारांना लेबलावर कुणाचं नाव टाकायचं ते कळायला हवं. त्या मेणावरून धातूचा उलटा साचा घ्यायचे आणि तो दाबून तबकड्या काढायचे. चिंचणीच्या माणसाला हे फोड करून सांगावं लागत नाही.

१९२५ च्या सुमाराला मायक्रोफोन आला आणि गाणाऱ्यांची हळू बोलायची सोय झाली. आपल्याकडे त्याआधीचं लोकप्रिय गाणं म्हणजे नाटकातलं. पिटातल्या शेवटच्या माणसापर्यंत नुसत्या गळ्यानं पोचायचं. १९३० नंतर जी. एन. जोशी, गजाननराव वाटवे यांच्या पिढीनं भावगीत घरोघर नेलं, त्याला कवितेइतकाच मायक्रोफोनही कारण होता, असं मी मानतो. भाव हळू आवाजात जास्त दिसतो. यशवंत देवांनी पुढे ‘शब्दप्रधान गायकी’ नावाचं पुस्तकच लिहिलं. शब्दाला पुढे ठेवायचं तर गळ्याला थोडं मागं घ्यावं लागतं. पण भावगीतसुद्धा हळू आवाजात गायलं गेलं ते रेडिओच्या नाहीतर कंपनीच्या स्टुडिओत, जाड दारांच्या आत, घड्याळाकडे बघत. आवाज घरगुती, घर मात्र गायब.

घर आत शिरलं ते कॅसेटबरोबर. फिलिप्सनं १९६३ मध्ये ती काढली तेव्हा ती संगीतासाठी नव्हतीच मुळी, डिक्टेशन वगैरे घ्यायला होती. पट्टी चार मिलिमीटरपेक्षाही अरुंद, आणि चाल सेकंदाला पावणेपाच सेंटिमीटर. स्टुडिओतली टेप याच्या आठपट वेगानं पळायची. पट्टी अरुंद आणि संथ असली की तिच्यावरच्या लोखंडी कणांची स्वतःची एक सळसळ गाण्यामागे कायम राहते. मोठ्या आवाजाखाली ती दबते. हळू गायलं की वर येते.

माझ्या वडिलांनी ऐंशीच्या दशकात एक टू-इन-वन घेतला होता. पहिल्या उत्साहात त्यांनी माझ्या आजीला लग्नातली वाडवळी गाणी म्हणायला बसवलं. आजी आधी लाजली, मग एकदा लागली ती थांबेना. ती कॅसेट मी पुढे कित्येकदा ऐकली आणि तिच्यात एक विचित्र गोष्ट होती. आजी ओळ म्हणत असेपर्यंत फक्त आजी. ओळ संपून ती श्वासाला थांबली, की हळूहळू घर वर यायचं. आधी भिंतीवरचं घड्याळ, मग विहिरीवरचा रहाट, मग कावळे, मग कुणीतरी चपला फरफटवत पडवीतून जायचं. आजीनं पुढची ओळ उचलली की सगळं पुन्हा खाली. लहानपणी मला वाटायचं, आमच्या घरातल्या वस्तूसुद्धा आजीला मान देतात, ती गात असताना गप्प राहतात.

खरं कारण बरंच रुक्ष आहे. त्या स्वस्त यंत्रांना आवाज किती घ्यायचा ते ठरवायची चावी नसायची. आतलं एक सर्किट ते आपोआप ठरवायचं. समोर मोठा आवाज आला की कान आखडून घ्यायचं, शांतता झाली की कान टवकारायचं. शांततेत काहीच नसलं तरी ते शोधत राहायचं, आणि जे सापडेल ते वर खेचायचं. आजच्या फोनमध्येही हेच चालतं. पुतणीच्या गाण्यात दोन ओळींमधल्या जागेत ओटीवरची आईची कूस बदलल्याची करकर ऐकू येते ती याच कारणानं. ही माझी लो-फायची व्याख्या म्हणा हवं तर: गाणं थांबलं की घर ऐकू येतं.

याच कसोटीवर मी खोटं लो-फाय ओळखतो. आता अभ्यासाला, झोपेला, पावसाला म्हणून तासन् तास चालणारं संगीत मिळतं, त्यावर जुन्या तबकडीची चरचर वरून भुरभुरलेली असते. जुनी हिंदी गाणी संथ करून, घुमवून, त्यांनाही लो-फायचा शिक्का मारतात. ऐकायला वाईट नाही. मीही हिशेब करताना लावतो. पण ती चरचर गाण्याकडे लक्षच देत नाही. गाणं वर जावो की खाली, ती आपली एकसारखी चालू. खऱ्या घरातली खरखर गाणाऱ्याच्या श्वासाबरोबर वरखाली होते.

घरी गायल्यानं गाणाऱ्याचा आवाज किती बदलतो याचं सगळ्यात ठळक उदाहरण अमेरिकेतलं आहे. ब्रूस स्प्रिंगस्टीन हा भल्यामोठ्या मैदानांत, भल्यामोठ्या बँडसह, घसा फोडून गाणारा माणूस. १९८२ च्या जानेवारीत न्यू जर्सीतल्या कोल्ट्स नेक गावी, भाड्याच्या घरातल्या झोपायच्या खोलीत तो नवी गाणी कच्ची म्हणून रेकॉर्ड करायला बसला. यंत्र होतं टीअ‍ॅक कंपनीचं पोर्टास्टुडिओ. १९७९ मध्ये बाजारात आलेल्या या पेटीनं साध्या कॅसेटवर चार वेगवेगळे थर भरायची सोय केली होती: आधी गिटार, तिच्यावर आवाज, मग माउथ ऑर्गन, मग हवं तर दुसरा आवाज. माइक दोन. शेवटी सगळं एकत्र करून उतरवलं ते एका साध्या टेपरेकॉर्डरवर, आणि तोही एकदा पाण्यात पडून सुकलेला. बँडनं ही गाणी ऐकून शिकायची आणि मग स्टुडिओत नीट वाजवायची, असा बेत होता. बँडनं वाजवली. नीट वाजवली. पण गाणी मेली. स्प्रिंगस्टीन ती कॅसेट विनाडबीची पँटच्या खिशात घेऊन हिंडत होता. अखेर तीच प्रसिद्ध करायची ठरली. एवढ्या क्षीण आवाजाच्या कॅसेटवरून तबकडी काढताना तंत्रज्ञ टेकीला आले, पण त्याच वर्षी ‘नेब्रास्का’ नावानं ती बाहेर आली.

त्या गाण्यांत खुनी आहेत, कर्जबाजारी आहेत, रात्रीच्या रस्त्यावर एकटे गाडी चालवणारे आहेत. अशी माणसं आपली हकिकत मैदानात ओरडून सांगत नाहीत. स्प्रिंगस्टीनला हे आधीपासून ठाऊक असेलही. पण त्याच्या गळ्याला ते त्या खोलीत कळलं.

टेक्सासमधल्या ऑस्टिनचा डॅनियल जॉन्स्टन (तो २०१९ मध्ये गेला) याची गोष्ट मला याहून जास्त आवडते. त्याच्याकडे एक मामुली मोनो टेपरेकॉर्डर होता, आणि सुरुवातीच्या काळात एका कॅसेटवरून दुसरी भरून घ्यायची सोयही नव्हती. मग कुणी कॅसेट मागितली की तो सगळी गाणी पहिल्यापासून पुन्हा गाऊन नवी कॅसेट भरायचा. मनानं तो आजारी होता, आवाज कापरा, पियानोही धड सुरात नाही. ऐकणाऱ्याला वाटतं, आपण याच्या खोलीत न विचारता शिरलोय आणि आता निघून जाणंही बरं नव्हे. न्यूझीलंडच्या अगदी दक्षिणेकडच्या डनेडिन शहरातल्या पोरांनी १९८१ च्या आसपास चार-ट्रॅकच्या मशीनवर गाणी भरून जगाच्या त्या टोकाहून एक अख्खा सूर जन्माला घातला. आणि अलीकडे लॉस एंजेलिसमध्ये बिली आयलिश आणि तिच्या भावानं घरातल्या त्याच्या खोलीत केलेल्या अल्बमला २०२० साली ग्रॅमीचे मोठे मान मिळाले. त्यानंतर तर बेडरूम पॉप हा शब्द वाण्याच्या दुकानातल्या पोरालाही कळायला लागला.

बेडरूम. इथं मला जरा हसू येतं. आपल्याकडे पोरांना स्वतःची बेडरूम कधी होती? माझ्या वयाच्या माणसांनी अंथरूण टाकलं ते माजघरात, भावंडांच्या रांगेत. दार लावून एकटं बसणं हा आजार नाहीतर भांडण यांचा पुरावा मानला जायचा. पुतणीची ती आतली खोलीसुद्धा तिची एकटीची नाही. तिथं धान्याची कोठी आहे, दादाचे कंपनीचे कागद आहेत, दिवाळीचे कंदील आहेत. तिला मिळते ती जागा म्हणजे खरं तर वेळ: सगळे झोपल्यापासून तिला झोप येईपर्यंतचा. एकटेपण आपल्या घरांत चौरस फुटांत मोजून मिळत नाही, ते तासांवर मिळतं.

आणि हा तास आपल्या बायकांनी फार पूर्वी शोधून ठेवला होता. त्यांचा पहाटेचा होता. जात्यावरची ओवी ही मराठीतली सगळ्यात जुनी आणि सगळ्यात मोठी घरगुती गाण्याची परंपरा, आणि तिचीही पातळी घरानंच ठरवलेली: जात्याच्या घरघरीपेक्षा थोडी वर, झोपलेल्या माणसांच्या कानाच्या थोडी खाली. सासू, नवरा, दीर झोपलेले असताना त्यांच्याच विषयी काय काय म्हणून घ्यायचं ते त्या अरुंद फटीत म्हणून घेतलेलं आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइत्वाँ यांनी आपल्या सहकाऱ्यांसह गावोगाव फिरून अशा एक लाखाहून जास्त ओव्या जमवल्या. नव्वदच्या दशकात बर्नार्ड बेल यांनी त्यातल्या हजारो ध्वनिमुद्रित केल्या, आणि २०१७ पासून ‘पारी’ म्हणजे पीपल्स आर्काइव्ह ऑफ रुरल इंडियानं त्या लोकांसमोर आणल्या. मुळशीच्या बायका त्यात आहेत, परभणी जिल्ह्यातल्या ताडकळसच्या गंगूबाई अंबोरे आहेत. गंगूबाईंचा आवाज एकदा ऐकला की बराच वेळ दुसरं काही ऐकवत नाही. या बायकांना कुणी स्टुडिओत नेऊन उभं केलं नाही. माइक त्यांच्या गावी गेला. माझ्या लेखी मराठी लो-फायचा इतिहास लिहायचा तर पहिलं प्रकरण इथून सुरू होतं, गिटार फार मागून येते.

पुतणीला मी त्या ओव्या ऐकवल्या. तिनं डोळे मिटून ऐकल्या आणि म्हणाली, “काका, या माइककडे बघून गात नाहीयेत.” बस, एवढंच. मग तिनं फोन कपाटात उलटा, पडदा आत करून ठेवायला सुरुवात केली. पडद्यावर आवाजाची हिरवी रेघ नाचताना दिसली की माणूस त्या रेघेसाठी गायला लागतो, असं तिचं म्हणणं.

आमच्या आईचा मात्र या सगळ्याला एक आक्षेप आहे आणि तो मला खोडता येत नाही. “गाते छान, पण शब्द कळत नाहीत.” इंग्रजी लो-फायमध्ये पुटपुटलेलं चालतं, शब्द धुक्यात हरवले तरी ऐकणारा सूर घेऊन निघून जातो. मराठी माणूस असा निघून जात नाही. तो ओळीला अडतो. त्याला ‘श’ आणि ‘स’ वेगळे ऐकू यायला हवेत, ‘ळ’ जिभेवरून पुरता वळायला हवा. बारीक, उंच पट्टीतले आवाज कॅसेट आधी खायची आणि आता गोधडी खाते, आणि शब्दांची धार तर तिथंच असते. खोलीत गायचं म्हणून शब्द गिळायचे, ही लो-फायच्या नावाखाली केलेली आळशीपणाची सोय आहे. पुतणीनं एक गाणं आईच्या या आक्षेपावरून पुन्हा गायलं. तोंड फोनच्या जवळ आणून, आवाज तेवढाच हळू, पण उच्चार पुरे. ते तिचं सगळ्यात चांगलं गाणं झालं, आणि आईला ते श्रेय तिनं दिलंही.

मागे टाळेबंदीत, २०२० मध्ये, गाण्याच्या शिकवण्या फोनवर आणि लॅपटॉपवर सुरू झाल्या तेव्हा गुरू-शिष्यांना एक चमत्कार दिसला होता. इकडे तानपुरा लावावा आणि पलीकडे तो काही क्षणांनी विरून जावा. ही यंत्रं माणसांचं बोलणं पोचवायला बनवलेली. सतत एकसारखा चालणारा आवाज म्हणजे गोंगाट, असं त्यांना पढवलेलं. त्यांनी पंखा काढला, एसी काढला आणि त्याच न्यायानं तानपुराही काढला. झूममध्ये मूळ आवाज तसाच ठेवायची एक खूण शोधून ती चालू करावी लागायची, तेव्हा कुठे षड्ज परत यायचा.

हे मला आठवलं कारण पुतणीनं मध्यंतरी आवाज साफ करणारं असंच एक अ‍ॅप वापरून बघितलं. कुणीतरी तिला सांगितलं होतं, गाणी चांगली आहेत पण क्लीन कर. बसचं गाणं तिनं त्यात घातलं. गाणं निघालं ते धुऊन इस्त्री केलेलं. खरखर नाही, घड्याळ नाही, आईची करकर नाही. शेवटी मात्र ते मध्येच तुटलं. शेवटची ओळ ती जवळजवळ श्वासातच म्हणते, बस वळणावरून दिसेनाशी होते तिथं. अ‍ॅपला ती ओळ आणि पंखा यांत फरक कळला नव्हता. तिची तलासरीकडची एक मैत्रीण आहे, तीही अशीच घरी गाते. डहाणू-तलासरीच्या पट्ट्यात २०१८ च्या नोव्हेंबरपासून भूकंपाचे लहान-मोठे धक्के बसू लागले, धुंदलवाडीच्या बाजूला तर माणसं थंडीत घराबाहेर झोपायची. या मुलीच्या एका गाण्यात दुसऱ्या कडव्यानंतर मांडणीवरची भांडी किणकिणतात, ती क्षणभर थांबते, कुत्री भुंकतात, आणि मग ती पुढचं कडवं घेते, थोडं घाईनं. ते गाणंही दोघींनी अ‍ॅपमध्ये घातलं. भांडी गेली, कुत्री गेली. राहिली ती फक्त एक मुलगी जी विनाकारण थांबते आणि विनाकारण घाई करते.

या किनाऱ्यावर आवाज जपून ठेवण्याला आता आणखी एक अर्थ येऊ लागला आहे. वरोरच्या पुढे वाढवणला बंदर होणार. ३० ऑगस्ट २०२४ ला पालघरमध्ये त्याचा पायाभरणी समारंभ झाला. मच्छीमार, बागायतदार, डायमेकर यांनी वर्षानुवर्षं विरोध केला, तो अजून विझलेला नाही. बंदर झालं की रात्रीचा समुद्र असाच ऐकू येईल का, याचा हिशेब कुठल्या अहवालात असणार? पुतणीच्या रेकॉर्डिंगमध्ये तो सहज, न बोलावता येऊन बसलाय, गोधडीच्या पलीकडून, भरतीच्या रात्री जरा जास्त.

पण घराला काही सगळं पेलत नाही, हेही आम्हाला अलीकडेच कळलं. बसच्या गाण्यामागे तारपा हवा, असं तिच्या मनानं घेतलं. तारपा म्हणजे इथल्या वारल्यांचा श्वास: सुकवलेला भोपळा, बांबूच्या दोन नळ्या, पुढे ताडाच्या पानाचा कर्णा, आणि वाजवणारा मध्ये न थांबता फुंकत राहतो, त्यामुळे त्यात दोन ओळींमधली जागाच नाही. गंजाडचे जिव्या सोमा म्हसे यांनी लग्नघराच्या भिंतीवर बायका काढायच्या ती चित्रकला कागदावर आणली आणि जगभर नेली. त्यांच्या चित्रांतही तारपेकऱ्याभोवती माणसांची साखळी गुंडाळत जाते, ती पाहिली की कळतं, हे वाद्य चार भिंतींसाठी नाही. तरीही आम्ही ओळखीतल्या एका तारपेकऱ्याला घरी बोलावलं. तो आला, आतल्या खोलीत बसला, कपाटातल्या साड्यांकडे आणि फोनकडे आश्चर्यानं बघितलं, आणि त्यानं फुंक मारली. मांडणीवरचे डबे वाजले. आई उठून बसली. समोरच्या घरातली टकटक स्वतःहून थांबली आणि डायवाला हातोडीसकट दारात येऊन उभा राहिला. फोननं कान इतके आखडून घेतले की रेकॉर्डिंगमध्ये नुसता फाटका भोंगा उरला.

चहा पिताना तो पुतणीला म्हणाला, भातकापणी झाली की आमच्या पाड्यावर ये. तिनं विचारलं, मग फोन कुठं ठेवू, तुमच्याजवळ मधोमध की बाहेर, पायांजवळ? मधोमध ठेवला तर नुसता तारपा येणार, बाहेर ठेवला तर नुसते पाय. त्याला प्रश्नच कळेना. मधोमध मी असतो, बाहेर अंधार असतो, आणि यांच्यामध्ये जे असतात ते सगळे नाचत असतात, फोन सांभाळायला रिकामं कोण बसणार? खिशात टाक आणि हात धर.

रविवारी ती बोईसरला गेली ती खिसा असलेला कुर्ता शोधायला. जाड कापडाचा नको, असं दुकानदाराला दोनदा सांगितलं म्हणाली.